माधवीबाईंच्या पत्राची पोच

माधवीबाईंच्या पत्राला मी जवळजवळ वर्षभर उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. कपाटातल्या शब्दकोशात, पुस्तक वाळवीपासून वाचावं म्हणून ठेवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याशेजारी ते नीट घडी करून ठेवलं होतं. कुठलाही शब्द पाहायला कोश काढला की ते दिसायचं, आणि मी शब्द न पाहताच कोश मिटायचो.

पत्र आलं कशामुळे, ते आधी सांगतो. आलापल्लीच्या लाकूड डेपोत मी एकतीस वर्षं कारकून होतो. निवृत्तीच्या चार वर्षं आधी डेपोत कॉम्प्युटर आले आणि एका निळ्या केबलने दोन खोल्या जोडल्या गेल्या. जोडणी झाली एवढ्यावर सगळे खूश होते. मला मात्र त्या केबलमधून नेमकं जातं काय, हे कळेना. कोणाला विचारायची लाज वाटली, म्हणून पुस्तकं मागवली. पुढे दहा वर्षं वाचत राहिलो. शेवटी धीर करून चंद्रपूरच्या एका लहानशा दिवाळी अंकाला लेख पाठवला. तो छापून आला तेव्हा आठ दिवस मी लोकांची नजर चुकवून चालत होतो. तशी गरज नव्हती, गावात तो कोणीच वाचला नव्हता.

वाचला होता माधवीबाईंनी. मोहाला फुलं लागली होती तेव्हा त्यांचं पत्र आलं.

"सप्रेम जय भीम. आपला लेख वाचला. मी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला महिलांच्या वर्गाला नेटवर्क शिकवते. ग्रामपंचायतींमध्ये आलेलं इंटरनेट चालू ठेवण्याचं काम पुढे या बायका करणार आहेत. हाताने त्या सगळं करतात, पण तोंडी परीक्षेत शब्द विचारले की गप्प होतात. आमच्या पुस्तकातलं मराठी मलाही कळत नाही. आपण या शब्दांवर एक लहानशी पुस्तिका लिहून द्याल का? शिवाय एक शंका आहे. दोन यंत्रं बोलायला लागण्याआधी तीन निरोप होतात, असं आपण लिहिलं आहे. निरोप, त्याची पोच, आणि त्या पोचेची पोच. वर्गात एकीने विचारलं, मग तिसऱ्याची पोच का नाही? हे तीनवरच का थांबतं? मला सांगता आलं नाही. आपण सांगाल ही खात्री आहे."

त्या खात्रीनेच माझी वाचा बसली. कारण तीनवर का थांबतं हे मलाही ठाऊक नव्हतं. तीन हा आकडा मी एका पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला होता.

मोहाची फुलं गेली आणि त्याची फळं, म्हणजे टोळ, पडायला लागली तेव्हा दुसरं पाकीट आलं. आत अक्षरशः तोच मजकूर, खाली फक्त "प्रत दुसरी" असं लिहिलेलं. मी कपाळावर हात मारला. पोच आली नाही तर पाठवणारा थोडं थांबतो आणि तोच तुकडा पुन्हा पाठवतो, हे माझ्याच लेखात होतं. बाई माझ्याशी माझ्याच नियमाने वागत होत्या. मी दुसरं पत्र पहिल्याच्या शेजारी ठेवलं.

तिसरी प्रत टपालाने आली नाही. मोहाला पुन्हा कळ्या धरत होत्या. एका सोमवारी दुपारी मी गिरजाबाईंच्या किराणा दुकानात गूळ घ्यायला गेलो होतो, तेव्हा त्यांची सून रंजीता आतून आली आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"भाऊ, हे मॅडमनं देल्लं. माधवी मॅडमनं."

"तू... त्यांच्या वर्गात आहेस?"

"सहा महिने झाले. फारमावर माझा पत्ता पाह्यला अन् म्हणाल्या, अगं, तू त आलापल्लीचीच! मंग हे देल्लं. म्हणाल्या, टपालाचा रस्ता बंद दिसते, तू हातानं ने. अन् पोच घेतल्याबिगर येऊ नको."

पाकिटावर लिहिलं होतं : "प्रत तिसरी, हस्ते रंजीता."

गिरजाबाईंनी तराजूतला गूळ तसाच सोडला. "थांबा, थांबा. आधीची दोन पाकिटं माझ्याच हातून गेली न तुमच्याकडं? वर्षभर बाईमाणसाले जबाब नाई? वामनभाऊ, तुम्ही एवढी पुस्तकं वाचून काय करून राह्यले मंग?"

मी पाकीट पिशवीत सरकवलं.

डेपोच्या मागे आमची वस्ती आहे, आमचा टोला, बावीस घरांचा. घरांना नंबर आहेत, पण ते कोणाच्या लक्षात नाहीत. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र "द्वारा गिरजाबाई किराणा" असंच येतं. पोस्टमन गठ्ठा दुकानात टाकतो आणि गिरजाबाई संध्याकाळच्या आत ज्याचं त्याला पोचवतात. त्यामुळे माझ्या अपराधाला साक्षीदार होता.

"भाऊ," रंजीता हळूच म्हणाली, "पोच नंतर द्या. आधी मले वाचवा. शुक्रवारी तोंडी आहे. मागच्या टायमाले मी नापास झाली. या टायमालेही झाली त आपल्या पाच गावांचं काम दुसऱ्याले देऊन टाकणार हायत. सहा महिने मी पहाटच्या बसनं चंद्रपूरले जाऊन राह्यली, ते सगळं पाण्यात."

"नापास कशानं झालीस?"

ती ओशाळली. "तोंडी घेताना चार कॉम्प्युटर जोडायले देल्ले होते. मी चारहीले एकच नंबर देल्ला. एकही चालला नाई."

"एकच आयपी अॅड्रेस? का?"

"एकाच घरात होते न, भाऊ! एकाच घरात चार जणाइचे चार पत्ते कसे राह्यतीन? आपल्या इथी त अख्ख्या टोल्याचा पत्ता एकच आहे."

मी हसणार होतो, पण हसू अर्ध्यावर थांबलं. बावीस घरं एका पत्त्यावर चालताना जिने रोज पाहिली, तिने हेच करायला हवं होतं. ही चूक अडाणीपणाची नव्हती. ती आमच्या टोल्याची होती. आणि तिचं उत्तरही, माझ्या लक्षात आलं, टोल्यातच होतं.

"गिरजाबाई," मी विचारलं, आणि माझा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा निघाला, "दोन्ही मुखरूंचं काय झालं होतं?"

"कोणाचं? त्या कागदाचं?" गिरजाबाई खुलल्या. "अवं, पाकिटावर नुसतं मुखरू. मी नेऊन देल्लं बोडीजवळच्या, तळ्याकाठच्या मुखरूले. आत होतं टाकीजवळच्या मुखरूच्या पोरीच्या सोयरिकीचं. हा बाप्पा म्हणते, मले त पोरगीच नाई अन् पाव्हणे पोरगी पाहाले येऊन राह्यले! दोन्ही घरी स्वयंपाक झाला. त्या दिवसापासून मी सांगून ठेवलं, बाहेर काही लिवा, माझ्या दुकानात एक बोडीचा मुखरू अन् एक टाकीचा मुखरू."

"झालं," मी रंजीताला म्हणालो. "बाहेरच्या जगाला पत्ता एकच, दुकानाचा. पण दुकानाच्या आत प्रत्येकाचं नाव वेगळंच पाहिजे, नाहीतर दोन मुखरू होतात. तुझं दुकान म्हणजे राउटर. चार कॉम्प्युटर म्हणजे चार घरं. त्यांना आतले चार वेगळे नंबर. त्यांच्यातलं कोणी बाहेर पत्र टाकलं की दुकान त्यावर आपला पत्ता घालतं आणि कोणाचं होतं ते लक्षात ठेवतं. उत्तर आलं की बरोबर त्याच घरी. याला नॅट म्हणतात."

रंजीता दाराला टेकून उभी होती ती सरळ झाली.

"म्हणजे आत्याबाई नॅट हायत?"

"मी काहीच नाई बाप्पा," गिरजाबाई म्हणाल्या. "मी दुकान चालवते."

परीक्षेआधी वर्गाला सुट्टी होती. मंगळवारपासून रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आम्ही दुकानाच्या ओट्यावर बसलो. मी येताना पुस्तकं घेऊन येई आणि ती पिशवीतच राहत. पहिल्यांदा मी प्रोटोकॉलची व्याख्या वाचून दाखवली, तेव्हा रंजीताने एवढी मोठी जांभई दिली की मीच पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "आधी ठरवून ठेवलेली रीत. कोण आधी बोलणार, काय बोलणार, चुकलं तर काय करणार. लग्नात असते ना."

"मंग एवढं तोंडभर कायले लिवलं?"

मी पुस्तक परत पिशवीत टाकलं.

पॅकेटसाठी मला डेपो कामी आला. अख्खं सागाचं झाड ट्रकात मावत नाही. त्याचे तुकडे करतात, प्रत्येकावर हातोड्याने नंबर ठोकतात आणि सोबत वाहतुकीचा पास देतात. आष्टीच्या पुढे एक ट्रक गोंडपिपरीने जातो, दुसऱ्याला रस्ता बंद मिळाला तर तो चामोर्शी-मूलने फिरून जातो. बल्लारशाला मागचा आधी पोचला तरी बिघडत नाही. नंबर बघून थप्पी लागते. फोटो असो की पत्र, त्याचे असेच तुकडे होऊन जातात.

"अन् वाटेत एखादा ट्रक फिरतच राह्यला त?"

"म्हणून प्रत्येक पॅकेटवर आकडा असतो. प्रत्येक नाक्यावर त्यातला एक कमी करतात. शून्य झाला की त्याच नाक्यावर पॅकेट टाकून देतात. त्याला टीटीएल म्हणतात." मग मला राहवलं नाही. "म्हणजे आमच्या पासावर मुदत तारखेची असायची, नाक्यांची नव्हे. तेवढा फरक ध्यानात ठेव. मी कदाचित चुकीचं उदाहरण..."

"भाऊ, समजलं मले. पुढं चाला."

पुढे गेलो आणि माझी उपमा खरोखरच मोडली. टीसीपी नावाच्या, पोच मागणाऱ्या रीतीत सात नंबरचा तुकडा पोचला नाही तर तोच पुन्हा पाठवतात, असं मी म्हणालो आणि अडलो. हरवलेला लाकडाचा लठ्ठा पुन्हा कुठून पाठवणार? मला वाटलं, संपलं. म्हणूनच मी पुस्तिका लिहू नये.

रंजीताने खांदे उडवले. "हे अक्षरं हायत, भाऊ, सागवान नाई. पाठवणारा नक्कल ठेवते. पोच आली की फेकून देते. माधवी मॅडमनं नाई का ठेवली तुमच्या पत्राची?"

गिरजाबाई एवढ्या हसल्या की साखर मापाबाहेर सांडली.

तेवढ्यात रस्त्याने नाटकाच्या प्रचाराची गाडी गेली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात ती थेट होळीपर्यंत. भोंगा ओरडत होता : "आज रात्रौ... भव्य मंडपात... हसा आणि रडा..." आणि गाडी वळणाआड गेली.

"हे यूडीपी," मी म्हणालो. "बोलत जायचं. कोणी ऐकलं, कोणी नाही, विचारायला थांबायचं नाही. चालू गाण्यात, चालू चित्रात एखादा तुकडा हरवला तर मागे वळण्यापेक्षा पुढे गेलेलं बरं."

"नाटक कोणत्या गावी, ते ऐकू आलं का तुम्हाले?" गिरजाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मलेही नाई. नाव तेवढं समजलं, मी जाणारच हाय. विचारीन कोणाले तरी." नाव माहीत, ठिकाण विचारून घ्यायचं; कॉम्प्युटरही साइटच्या नावावरून तिचा नंबर असाच विचारून घेतो. मी रंजीताकडे पाहिलं आणि तीच म्हणाली, "डीएनएस!"

डीएचसीपीसाठी अहेरीचा बाजार होता. सकाळी जो येईल त्याला बाजारवाला बसायची जागा दाखवतो, संध्याकाळी तो उठतो, पुढच्या आठवड्यात तिथे दुसरा. जागा त्याच्या नावावर होत नाही, दिवसापुरती मिळते. कॉम्प्युटरलाही राउटर असाच मुदतीपुरता नंबर देतो. "म्हणजे मी हातानं नंबर टाकलाच नसता तरी चाललं असतं?" रंजीताने विचारलं आणि स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली.

बुधवारी तिने माझी परीक्षा घेतली. "भाऊ, तुम्ही कधी केबलचं टोक बनवलं का?" नव्हतं बनवलं. दहा वर्षं मी त्या टोकाबद्दल वाचलं होतं. तिने केबल सोलली, आठ बारीक तारा उलगडल्या आणि माझ्या हातात दिल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी. क्रम मला तोंडपाठ होता, बोटांना नव्हता. तारा कशाबशा टोकात बसवल्या. पहिल्या टोकाला तपासायच्या डबीवर तिसरा दिवा लागलाच नाही. दुसऱ्या टोकाला आठही हिरवे दिवे एकामागून एक लागत गेले. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने दुकानाच्या ओट्यावर टाळ्या वाजवू नयेत. मी वाजवल्या.

गुरुवारी माधवीबाईंची शंका राहिली होती. ती मी टाळत होतो. शेवटी रंजीतानेच विचारलं, "भाऊ, ते तीन निरोपांचं सांगा. हमखास विचारतेत."

मी खरं ते सांगितलं. "तीन असतात एवढं माहीत आहे. तीनच का, ते मला ठाऊक नाही. पोचेला पोच, तिला पोच, हे कधी संपू नये असं वाटतं. म्हणूनच मी मॅडमना उत्तर दिलं नाही."

तिला खरंच वाटेना. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

"भाऊ, माझं माहेर प्राणहिता नदीच्या काठी. नदी पार कराले पलीकडून जंगूदादाचा डोंगा बोलवायचा राह्यला की कसं करत होतो सांगू? मी इकडून वरडायची, ओ जंगूदादा! तो तिकडून, ओ, बोल! मंग मी लगेच सांगायची, हो, दोघी जणी हाओ, डोंगा आण! संपलं. तो कायले पुन्हा वरडन? माझा पहिला आवाज त्याले गेला, हे मले त्याच्या 'ओ'वरून समजलं. त्याचा 'ओ' मले आला, हे त्याले माझ्या बोलण्यावरून समजलं. दोघाइचं दोघाइले समजलं. अन् माझं तिसरं वाऱ्यानं नेलं त तो पुन्हा 'ओ' म्हणन. पुढचं बोलणंच पोच असते, भाऊ. काम सुरू करायचं."

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि दोन पानं पुन्हा वाचली. तिथे हेच लिहिलं होतं. दहा वर्षं लिहिलेलं होतं. तिसरा निरोप एकटाही जाऊ शकतो, पण त्याच्याबरोबर मजकूरही जाऊ शकतो, आणि मजकूर निघाला की दोघांनाही कळतं. मी ती ओळ शंभरदा वाचली असेन. नदीकाठाशिवाय ती मला दिसली नव्हती.

"उद्या पास झालीस," मी म्हणालो, "तर मी मॅडमना लिहीन."

"अन् नाई झाली त? त्यात मॅडमचा काय गुन्हा?"

शुक्रवारी ती पहाटेच्या बसने गेली. मी अकरा वाजता दुकानात जाऊन बसलो. गूळ संपला नव्हता, तरी घेतला. एकच्या सुमारास आगपेटी घेतली. गिरजाबाईंनी दोन्ही वहीत मांडलं. त्यांनीही सकाळपासून दोघा गिऱ्हाइकांना तेलाऐवजी घासलेट देऊ केलं होतं. रंजीता नापास झाली तर शब्दांचा दोष माझा, हे मला स्पष्ट दिसत होतं. पासावरची तारीख, हरवलेला लठ्ठा, सगळं आठवत होतं.

तीन वाजता गिरजाबाईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"हॅलो! आत्याबाई, आवाज येते का?"

"येते! तुले येते का माझा?"

"येते! पास झाली मी!"

मी नकळत बोटांवर निरोप मोजले होते. तीन.

मग ती एका दमात सुटली. "परीक्षक सायबानं विचारलं, एका ऑफिसात चार कॉम्प्युटर अन् बाहेरचा पत्ता एक, मंग उत्तर बरोबर कॉम्प्युटरले कसं जाते? मी म्हणलं, सर, माझ्या सासूचं किराणा दुकान आहे. ते म्हणाले, दुकानाचं काय? मंग मी दोन्ही मुखरूचं सांगतलं. ते चष्मा काढून हसले, आत्याबाई! मंग स्वतःच म्हणाले, हे नॅट एवढं चांगलं मलेही कोणी सांगतलं नव्हतं. पाच गावं मले भेटली!"

गिरजाबाईंनी फोन तसाच चालू ठेवून दुकानाबाहेर धाव घेतली आणि रस्त्यात उभं राहून ओरडल्या, "माझी सून पास झाली!" कोणी ऐकलं, कोणी नाही, त्या बघायला थांबल्या नाहीत. मग बरणीतले सगळे बत्तासे त्यांनी ओट्यावर उपडे केले आणि टोल्यातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कोंबायला लागल्या. पहिला आला तो बोडीचा मुखरू. कशाबद्दल म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाल्या, "तुझ्यामुळं पास झाली!" तो बत्तासा तोंडात धरून बराच वेळ उभा होता.

त्या संध्याकाळी मी कोश उघडला, दोन्ही प्रती काढल्या, तिसरी शेजारी ठेवली आणि लिहायला बसलो. पहिल्या ओळीत क्षमा मागितली. दुसऱ्या ओळीत पुन्हा मागितली, ती खोडली. मग लिहिलं : "तीनवर का थांबतं, ते मला माहीत नव्हतं. रंजीताने सांगितलं. प्राणहितेच्या काठी डोंगा बोलावण्याची रीत पुढे देत आहे." आणि तिथून पेन थांबलं नाही. दुकान, दोन मुखरू, ट्रक, भोंगा, बाजार. अक्षर मोठं काढलं, म्हणजे बसमध्ये वाचता येईल. शनिवारी सकाळपर्यंत पुस्तिकेची पहिली अकरा पानं झाली होती. ती चांगली आहेत की नाहीत, हे मी ठरवायचं नाही असं ठरवलं, आणि हे ठरवायला मला चहाचे तीन कप लागले.

पोस्टात खिडकीशी अश्वजित होता, आमच्या पोस्टमनचा मुलगा, आता स्वतःच बाबू झालेला. त्याने पाकीट तोललं, वरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. या पत्त्याची पाकिटं उलट्या दिशेने येताना त्याने पाहिली असणार.

"भाऊ, पोचपावती लावू का? म्हणजे मॅडमले भेटलं का नाई, ते तुम्हाले समजन."

माझी कारकुनीची सगळी वर्षं हो म्हणत होती. मी खिडकीच्या फळीवर हात ठेवला.

"नको," मी म्हणालो. "त्या पुढचं बोलतील."

अश्वजितने शिक्का मारला आणि पाकीट चंद्रपूरच्या थैलीत टाकलं.